घरून कशासाठी निघाला होतात?

गुरुवार, ता. १२
दुपार, खोलीवरून

दादा,

तुला नमस्कार, आईला वाकून, छोटीला उचलून. दुकानाच्या दाराशी झोपणाऱ्या लंगड्या कुत्र्यालाही विचारलंय म्हणून सांग.

हे पत्र मी टाळत होतो, ते आधीच कबूल करतो. मंगळवारी संध्याकाळी कागद आणला. काल पेन आणलं. काल रात्री कळलं की पेन चालत नाही, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की माझीच मला लाज वाटली. आज घरमालकीण काकूंचं पेन मागून आणलंय. त्या म्हणाल्या, "प्रेमपत्र का?" मी म्हटलं, भावाला. त्या म्हणाल्या, "मग एवढा घाम कशाचा?"

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी विषय बदलतो आणि तू बदलू देतोस. आपलं लहानपणापासूनचं हेच आहे. कागदावर विषय बदलला तर निदान दिसतो तरी.

तर नोकरी. ही आठवी. हसू नकोस. आईला मी 'मॉलमध्ये मोठ्या कंपनीत' असं सांगितलंय, ते खोटं नाही, पण काम ऐकशील तर डोक्याला हात लावशील. मी माणसांच्या मागे चालतो. खरंच. चौथ्या मजल्यावर सिनेमाचे पाच पडदे आहेत. खेळ सुटला की मी दाराशी उभा राहायचं, बाहेर पडणारी माणसं मोजायची, आणि दर दहाव्या माणसाच्या मागे पंधरा पावलं ठेवून चालत राहायचं. कुठल्या दुकानात शिरला, कशाला हात लावला, काय घेतलं, किती वेळ रेंगाळला, सगळं फॉर्मवर लिहायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला कळू द्यायचं नाही. शेवटी तो पार्किंगच्या जिन्यापाशी पोहोचला की मग गळ्यातलं ओळखपत्र दाखवायचं आणि एकच प्रश्न तोंडाने विचारायचा: घरून कशासाठी निघाला होतात?

बाकीचे मला 'दहावा' म्हणतात. शाळेत नापास झालो तोही दहावीतच, तेव्हा नशिबाला आकड्याची आवड दिसते.

पहिल्याच दिवशी मी चक्रावलो. तुला माहीत आहे का, आत जायचं दार आणि बाहेर यायचं दार वेगळं असतं? आत जाताना सरकत्या जिन्यावरून थेट तिकिटापाशी. बाहेर सोडतात ते पार दुसऱ्या टोकाला. खाली उतरणारा जिना गाठायचा तर आख्खा मजला चालावा लागतो, दोन्ही बाजूंना दुकानं. मी म्हटलं, बांधणाऱ्याचं चुकलं असणार. आमच्या मॅडम आहेत, ही सगळी पाहणी त्यांची, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाचवीतला. म्हणाल्या, "अडीच-तीन तास अंधारात बसलेला माणूस उजेडात आला की वीस मिनिटं कोणाचाही असतो. त्या वीस मिनिटांसाठी ही इमारत बांधलीय."

मला वाटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण दादा, महिनाभर मागे चालून बघितलं आणि मी गार पडलो. मारामारीचा सिनेमा सुटला की पुरुष बुटांच्या दुकानात शिरतात. सगळे नाही, पण इतके, की बुटांचा सेल्समन खेळाची वेळ बघूनच चहाला जातो. विनोदी सिनेमातून निघालेले खातात. भुताच्या सिनेमातून निघालेले घोळक्याने फिरतात, काही घेत नाहीत, नुसते उजेडाच्या दुकानांत उभे राहतात. आणि रडवणारा सिनेमा असेल तर माणसं दुसऱ्यासाठी घेतात. स्वतःसाठी रुमालसुद्धा नाही. आईसाठी शाल, पोरांसाठी खेळणी, आणि एक गृहस्थ तर भांडण झालेल्या शेजाऱ्यासाठी भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेले. त्यांनीच सांगितलं, आणि सांगतानाच त्यांना पटेनासं झालं की आपण हे का घेतलं.

एक जण घरून नळाची तोटी आणायला निघाला होता. गिटार घेऊन परत गेला. मी विचारलं, वाजवता येतं? म्हणाला, नाही हो, आणि तोटीचं दुकान आता बंद झालं असेल.

ही सगळी गंमत मी पोटभर हसून खोलीवर सांगायचो. मग एक म्हातारे आजोबा आले. दहावे. विनोदी सिनेमा, त्यानंतर आइसक्रीम, मग नातवाच्या वयाच्या पोरांनी घालावी तशी टोपी घेतली, आरशात तीनदा पाहिली. जिन्यापाशी मी प्रश्न विचारला. ते हसत होते. हसता हसता त्यांचा चेहरा उतरत गेला, जसा दिवा कमी कमी होतो. म्हणाले, "हिच्या डोळ्यांचं औषध." मी म्हटलं, औषधाचं दुकान तळमजल्यावर आहे, उघडं आहे. ते म्हणाले, "बारा वाजता घालायचं होतं. ऑपरेशन झालंय तिचं." तेव्हा साडेचार वाजले होते. ते टोपी डोक्यावर तशीच ठेवून पळाले. सत्तरी ओलांडलेला माणूस कसा पळतो ते मी पाहिलं, दादा.

त्या दिवशी मी पुढचे दहावे सोडून दिले. स्टाफच्या बाकावर बसून राहिलो. का, ते मला माहीत होतं. तुला अजून माहीत नाही.

नमनालाच घडाभर तेल गेलं. आता येतो मुद्द्यावर.

मंगळवारी दुपारच्या खेळाला मला वहिनी दिसली.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, काकूंच्या गॅलरीतले कपडे वाळलेत का ते उगाच बघून आलो. दादा, तू बसून वाच.

रडवणारा सिनेमा होता. सात, आठ, नऊ, आणि दहावी एक बाई. पाठमोरी. निळा साधा ड्रेस, केस मानेपर्यंत कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. मी फॉर्मवर लिहिलं: स्त्री, तीस ते पस्तीस, एकटी. पंधरा पावलं ठेवली. ती कुठे रेंगाळली नाही, सरळ लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात गेली. मी काचेबाहेर. तिने एक पिवळा फ्रॉक काढला. मग तळहात आडवा करून हवेत धरला, कमरेच्या थोडा वर. डोकं इथपर्यंत येईल, असं बघतात तसा. मग विचार करून हात आणखी चार बोटं वर नेला. आणि त्या मापाचा दुसरा फ्रॉक मागितला.

मी लिहीत होतो. 'फ्रॉक, पिवळा, एक.' माझ्या अजून लक्षात आलं नव्हतं. ती बिल करायला वळली, तेव्हा चेहरा दिसला, आणि माझ्या हातातून पॅड निसटलं.

ती बाहेर गेल्यावर मी दुकानातल्या मुलीला विचारलं, ओळखतेस का? ती म्हणाली, "हो, त्या महिन्यातून एकदा येतात. सिनेमा बघून येतात, फ्रॉक घेतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दाराशी उभ्या असतात, परत करायला. आम्हाला वाटतं मुलीला आवडत नसेल." मग म्हणाली, "माप मात्र दर वेळी वाढवून नेतात."

पळून जावं असं वाटलं, ते तर मला जमतं. पण पाय सवयीने तिच्या मागे चालत राहिले, आणि जिन्यापाशी तोंडाने सवयीने तो प्रश्न विचारला. मी खरं सांगतो, हाक मारायची होती. आवाज निघाला तो हाच: घरून कशासाठी निघाला होतात?

ती वळली. तिने माझा चेहरा नीट बघितला. मग म्हणाली, "साबण संपलाय, भाऊजी. साबणासाठी."

आणि हसली. तिचं ते हसू तुला आठवत असेल, एका बाजूने सुरू होणारं. मला ते बघवेना.

आम्ही जिन्याशेजारच्या बाकावर बसलो. तिने आधी छोटीचं विचारलं. दात पडले का, दूध पिते का, उंची किती. मी उंची सांगितली तर तिने हाताने मोजून पाहिलं आणि म्हणाली, "दोन बोटं चुकले." आईचं विचारलं. तुझं विचारलं नाही. ती इथे एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, तीच नोकरी, ज्यावरून तुमचं भांडण झालं होतं. एकटी राहते. बाकी काही नाही, कोणी नाही.

मग तिने पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी बस उशिरा सुटली. मी सव्वासहापर्यंत उभी होते. साडेचार वर्षं झाली, आता राग नाही. मला फक्त एवढंच सांगा. तुम्ही निरोप दिलात, तेव्हा ते काय म्हणाले? शब्द सांगा. नेमके शब्द."

दादा, तुला कसला निरोप, ते माहीतच नाही. तेच तर.

आता जे लिहितो ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तुझा फोन दोन दिवस बंद होता, भांडणानंतर. ती बॅग घेऊन फाटकाशी उभी होती, छोटीला ताप होता म्हणून आईजवळ झोपवलेली. पावणेतीन वाजले होते. मला म्हणाली, "दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी रडणार नाही. तुम्ही जाऊन सांगा. मला ती नोकरी हवीय, पण त्यांना सोडून नकोय. सहाच्या बसपर्यंत मी स्थानकावर आहे. ते नुसते आले, काही बोलले नाहीत तरी चालेल, मी घरी परत येईन. नाही आले तर तेही उत्तरच."

मी धावत दुकानात आलो. तू पंपाची जळलेली मोटार नव्या तारेने गुंडाळत होतास. तार हातात, ओठ हलत होते, वेढे मोजत होतास. आपल्या घरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं की दादा वेढे मोजताना बोलायचं नाही, आकडा चुकला तर आख्खं वेटोळं उसवावं लागतं. तू माझ्याकडे न बघता हाताने 'थांब' म्हणालास. बरोबरच होतं ते. बाजूला आणखी दोन मोटारी उघडून ठेवलेल्या. मी मनात म्हटलं, याचा तासभर तरी जाणार. घड्याळात तीन. समोरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये सव्वातीनचा खेळ. म्हटलं, अर्धा बघू आणि येऊ. वेळ भरपूर आहे.

अर्धा कोण बघतं, दादा?

तरीही वेळ होता. हे तुला समजलं पाहिजे, कारण मी इतकी वर्षं स्वतःला 'सिनेमा लांबला' असं सांगत आलो आणि ते खोटं आहे. मी बाहेर आलो तेव्हा सहाला वीस कमी होते. दुकान रस्त्यापलीकडे, स्थानक पाच मिनिटांवर. पण बाहेरच्या दाराला लागूनच चष्म्यांचं दुकान होतं, आणि हिरोने घातला होता तसला काळा चष्मा काचेत मांडलेला. मी आत गेलो. एक घातला, दुसरा घातला, पहिला परत घातला. आरशात बघत राहिलो. दुकानदार म्हणाला, शोभतो. मी घेतला आणि घालून घरी चालत गेलो, त्या हिरोसारखा, खांदे वर करून. फाटकाशी आलो, जिथे ती उभी होती तिथे पाय ठेवला, आणि तेव्हा आठवलं.

स्थानकापर्यंत पळालो. कोणी नव्हतं.

त्या रात्री तू कपाट उघडून बघितलंस. तिची बाजू रिकामी. तू म्हणालास, "एक शब्द न सांगता गेली." मी तिथेच उभा होतो. तेव्हाच बोललो असतो तर सकाळच्या बसने तू गेला असतास. पण मला वाटलं, उद्या सांगू, तू जरा शांत झालास की. मग तिचे दोन फोन आले, ते तू कापलेस. तिचं पत्र आलं, ते तू न फोडता परत पाठवलंस. दर वेळी मी समोर होतो. दर वेळी सांगणं आणखी अवघड झालं. तीन महिन्यांनी मी 'जग बघायला' निघालो. आई सगळ्यांना सांगते, धाकट्याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली. तू जेवताना तिच्या जागेकडे बघायचास, ते मला बघवत नव्हतं.

हे सगळं मी तिला बाकावर सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, चष्म्यासकट.

मला वाटलं, मारेल. निदान ओरडेल. तिने माझ्या मांडीवरचा फॉर्म उचलला आणि वाचत बसली, स्त्री, एकटी, फ्रॉक पिवळा एक. लोक जिना उतरत होते, एकाच्या हातात केवढा तरी लोंबता फुगा होता. मग ती म्हणाली, अगदी हळू, जसं काही स्वतःलाच समजावतेय:

"म्हणजे त्यांनी नाही म्हटलंच नाही."

आणि हेच तिने तीनदा म्हटलं.

मी तिला तुझा नवा नंबर लिहून दिला. तिने तो फ्रॉकच्या पिशवीत ठेवला. म्हणाली, "मी आज नाही करणार फोन. तुम्ही सांगायचं होतंत, तुम्हीच आधी सांगा. शनिवारपर्यंत थांबते. पत्र पाठवा, ते पत्र वाचतील, फोनवर ते गप्प होतात. शनिवारी संध्याकाळी मी फोन करेन. तोवर तुमचं पत्र पोहोचलेलं पाहिजे, भाऊजी. माझ्या तोंडून त्यांना हे कळता कामा नये."

काल आईचा फोन होता. म्हणाली, वकिलाने फारकतीचे कागद तयार केलेत, तू सोमवारी सही करणार आहेस, आणि ते दुसरं स्थळ पुढच्या आठवड्यात येणार आहे. मी 'बरं' म्हटलं आणि तिला पावसाचं विचारलं. माझ्या तोंडाला काय झालंय, देव जाणे.

म्हणून हे पत्र. सही करू नकोस, दादा. आधी तिच्याशी बोल. उद्या सकाळी कुरिअरने टाकतो, शनिवारी दुपारी तुझ्या हातात. आता कामावर जायची वेळ झाली, उरलेलं आल्यावर लिहितो.


रविवार, ता. १५
सकाळ

दादा, हे वर लिहिलेलं पत्र अजून माझ्याजवळच आहे.

मला काय लिहावं ते कळत नाही. शुक्रवारी नवीन मोठा सिनेमा लागला, मॅडमनी सकाळपासून उभं केलं. पत्र खिशात होतं. कुरिअरचं दुकान मॉलच्या तळमजल्यावरच आहे. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत. जेवणाच्या सुट्टीत एक दहावा माणूस असा निघाला की त्याने लग्नाची अंगठी घेतली आणि बरोबर कोणीच नव्हतं, त्याच्या मागे पार पार्किंगपर्यंत गेलो. तो म्हणाला, घरून चपला शिवायला निघालो होतो. मी हसत हसत वर आलो. शनिवारी पुन्हा तेच, चार खेळ, चार दारं. दोन वेळा त्या कुरिअरच्या काउंटरवरून गेलो असेन. एकदा तर आत शिरलो, रांग होती, म्हटलं थोड्या वेळाने.

काल संध्याकाळी साडेसातला शर्ट काढताना कागद खुळखुळला.

मी खाली बसलो. खरंच सांगतो, मला माझीच भीती वाटली. बारीकसारीक गोष्टींत विसरभोळा असतो माणूस, पण हे? दोनदा? त्याच दोघांचं? काल पळत पळत वहिनीच्या दवाखान्यात गेलो, खिडकी बंद. तिचा नंबर मी घेतलाच नव्हता. तुझा फोन लावला, तो लागला नाही, एकसारखा दुसऱ्या कॉलवर. तासभर. मग बंद.

तेव्हा तिनेच फोन केला असणार, आणि तिने काय सांगितलं असेल, मला माहीत नाही. तिने विचारलं असेल, पत्र मिळालं का? आणि तू म्हणाला असशील, कसलं पत्र?

मी आज हे स्वतः घेऊन यायचं ठरवलं होतं, दहाच्या गाडीने. पिशवी भरून ठेवलीय. म्हणून ही शेवटची ओळ लिहायला बसलो, की


थांब. काकू वर आल्यात.

म्हणाल्या, खाली एक माणूस आलाय. रात्रभर प्रवास केल्यासारखा दिसतोय, खांद्यावर लहान मुलगी झोपलीय. वर चला म्हटलं तर नाही म्हणाला. चहा नको म्हणाला. एका दवाखान्याचं नाव सांगून तो रविवारी किती वाजता उघडतो आणि कुठून जायचं, ते विचारून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "वर जाऊन माझ्या भावाला विचारा, त्याने पत्र लिहिलं होतं का."

काकू दारात उभ्या आहेत. काय सांगू म्हणून विचारताहेत.

लिहिलंय, दादा. टाकलं नाही, पण लिहिलंय, सगळं, चष्म्यासकट. ते घेऊन मीच जिना उतरतोय, दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. छोटी माझ्याकडे दे, आणि उभ्याउभ्या वाच. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघायचं नसेल तर नको बघूस, दवाखान्याचा रस्ता मी पुढे चालून दाखवतो.

तुझा भाऊ,
हे वाचूनही तुला म्हणवलं तर